गोळी काई अन्न नोहे

कोनाच्याई घरी आली का ती बसाच्या आंधी गंजाचं झाकन उघडे. "काय शिजवलं वं?" आतमंदी निरा भातच दिसला का तिचं तोंड उतरे. अशी एखादी बाई तुमच्याई गल्लीत अशीनच. आमच्या बोरगावात ती माह्या भिताडाले लागून राहे. दोघीईले शुगर.

शुगरनं तिच्या मालकाचा आंधी अंगठा गेला, मंग पाऊल, मंग मानूस. जखम त्याले दुखलीच नाई, म्हनून कोनी पाह्यली नाई. तवापासून रोज सकाळी ती माह्या वट्यावर येऊन पाय लांब करे. "पाह्य वं, तळव्याले काई लागलं काय? आपला आपल्याले दिसत नाई." मंग माहे तिनं पाहाचे.

खानं सस्तंच. ज्वारीची भाकर, अंबाडीच्या भाजीत मूठभर तुरीची डाळ, वरून जवसाची चटनी. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा खुडून आने. भाजी फुकट, अन् पोट भरे. मले वरनभात लय आवडे. मी ताट वाढलं का ती म्हने, "खाय माय, खाय. माह्या मालकाच्या कुबड्या पडल्याच हायेत घरी."

मी हासत होती, पन घास उतरे नाई.

लग्नात पानावर बुंदीचा लाडू पडला का इच्चू पडल्यावानी ती पान मांगे सरकवे.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आमाले सांगतलं होतं, थंडा घाम सुटला, हात कापाले लागले, तं लगेच साखर खाजा. रस्त्यानं ही म्हने, "शुगरवाल्याले साखर? पोरगी नवीन हाय, समजत नाई तिले."

शिवरात्रीले देवळात जाऊ म्हनून दुपारी मी तिले बलवाले गेली. भिताडाले टेकून बसली होती. लुगडं घामानं वलं, हात कापून राह्यले.

"गोळी घेतली काय?"

"घेतली."

"खाल्लं काय?"

"उपास हाय ना वं. साबुदाना म्हनजे साखरच."

"मंग गोळी काऊन घेतली?"

"गोळी काई अन्न नोहे." जीभ जड झाली होती. मंग मले वळखेचना.

तिच्या घरात साखर कुठची? माह्या घरून नातवाच्या दुधाची साखर मुठीत घेऊन आली. तिनं दात घट्ट आवळले. "नको. पाय नेशीन माहा."

म्या हनवटी धरली. ती मले चावली. वाटलं, ही आता माह्या हातातच जाते. गालाच्या आत बोट घालून हिरडीवर साखर चोळली. चोळतच राह्यली. तिचं अंग थंडं. लय वेळानं तिची जीभ हालली.

"गोड हाय वं," म्हने. भेलेल्या लेकरावानी.

वाचली. डॉक्टरनं गोळी बदलली. पन भेव काई गेलं नाई, उलटं दुप्पट झालं. खाल्लं तं पाय जाते, नाई खाल्लं तं जीव. ताट पुढं घेऊन बसे अन् मले इचारे, "खाऊ काय वं?" साऱ्या गल्लीले खानं शिकवनारी बाई! मी 'खाय' म्हनल्याबिगर घास उचले नाई.

लेक तिले आर्वीले घेऊन गेली. तिथूनई जेवाच्या टायमाले फोन करे.

"ताटात काय हाय?"

"भाकर. मेथी."

"खाय मंग."

चावल्याचा आवाज आला का मी फोन ठेवत होती.

मांगच्या थंडीत एक दिवस फोन आला नाई. दिवस बुडता बुडता मीच लावला. लेक रडून राह्यली होती. "काकू, आई गेली. जेवून निजली, ते उठलीच नाई."

म्या इचारलं, "काय खाल्लं होतं वं?"

"अर्धी भाकर अन् वरन. म्या फोन लावून देत होती, तं म्हने, राहू दे. आज कोनाले इचारत नाई."