दाभोशाचा जीपवाला

दाभोशावरनं जव्हारला जो जीप नेतो, त्याची गाडी कायम पुसलेली. कोणी तंबाखू मळायला घेतली का तो लगेच बोलतो, "मामा, थुंकायचं असंल तर चालत या." पोरं त्याला घाबरतात. मोठी माणसं पण.

माझ्या नातीचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालेलं. घरी आणल्यावर काही दिवसांनी सकाळीच तिच्या तोंडातनं लाल रक्त यायला लागलं. डॉक्टरनं सांगितलेलं, रक्त आलं तर पुढं वाकवून बसवा, थुंकू द्या, गिळू देऊ नका, नि लगेच घेऊन या. तिला घेऊन गेले तर जीप अजून माणसांनी भरायची होती. त्यानं पोरीला बघितलं नि तशीच काढली.

वाटेत पोर गप झाली. मला वाटलं, थांबलं रक्त. तो आरशातनं बघत होता. "आजी, गिळतेय ती."

मी तिला थुंक बोलले तर ती त्याच्याकडंच बघत राहिली. त्यानं खांद्यावरचा पंचा मागं टाकला. "थुंक बाय. खाली सांडलं तरी सांडू दे. मी नाय ओरडणार."

दवाखान्यात डॉक्टरनं रक्त थांबवलं. बाहेर येऊन बघते तर तो वाकून शीट धुतोय. मी फडकं मागितलं.

"तू पोरीजवळ जाऊन बस," तो खेकसला. "इथं काय ठेवलंय तुझं?"