पाण्याची वेळ आणि सत्काराची यादी

ज्योतीचे स्ट्रोक बेचाळीसवर आले तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. बंद पडलंय की काय, असं वाटलं. घड्याळ चालू होतं. पुन्हा मोजले. एक्केचाळीस.

स्ट्रोक मोजणं म्हणजे काय, ते आधी सांगते. पोहणारा माणूस एका मिनिटात किती हात मारतो, ते होडीत बसून मोजायचं. समुद्रात पोहणाऱ्याची नाडी होडीतून धरता येत नाही, म्हणून हा आकडा हीच त्याची नाडी. ज्योतीचा आकडा चोपन्न. दमली तरी पन्नास. पंचेचाळीसच्या खाली गेली की कोचने गप्पा बंद करून तिच्याकडे बघायचं, असा माझा नियम. त्या दिवशी होडीतल्या गप्पा आधीच बंद झाल्या होत्या.

होडीत आम्ही तिघं होतो. मी, होडी चालवणारे करंजाचे पांडूदादा कोळी, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक शेठ. शेठ लाईफ जॅकेट घालून वर पुन्हा फळी घट्ट धरून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते खाडीत आले होते आणि सकाळची साबुदाण्याची खिचडी त्यांच्या पोटात टिकत नव्हती.

"मॅडम, पार करेल ना?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बघू या, शेठ."

"तुम्ही बोलला होता सव्वा तासात होईल. सव्वा तास तर कधीच झाला."

मी पुन्हा घड्याळ बघितलं. उत्तर मला माहीत होतं, म्हणून दिलं नाही.

मी पनवेलमध्ये पोहण्याच्या टाकीवर बायकांची बॅच घ्यायची. बावीस वर्षं घेतली. माझं शिक्षण विचाराल तर सातवी. पोहणं शिकले ते गावच्या तळ्यात, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून. लाईफगार्डचं सर्टिफिकेट चाळिशीत काढलं, तेही सुनेने फॉर्म भरला म्हणून. ज्योती माझ्याकडे आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, बँकेत क्लार्क. पाण्याला इतकी भ्यायची की पहिले आठ दिवस पायरीवर बसून नुसते पाय हलवायची. पाच वर्षांत हीच मुलगी खाडीत माझ्यापेक्षा सरळ पोहायला लागली.

तिची आई कॅन्सरने गेली. रेडिएशन मुंबईला घ्यायचं होतं. आठवड्यातले पाच दिवस, पाच-सहा आठवडे रोज. दहा मिनिटांच्या मशीनसाठी उरणच्या बाजूच्या खेड्यातून आधी एसटी, मग पनवेलहून पुढचा प्रवास, आणि पुन्हा तोच रस्ता उलटा. अकराव्या सिटिंगनंतर आई म्हणाली, "आता मी येत नाय. रस्त्यातच मरंन." आणि ती पुन्हा मुंबईला गेलीच नाही. ज्योतीच्या मनात एकच होतं. पनवेलहून रोज सकाळी एक गाडी निघावी, आमच्या भागातल्या पेशंटना मुंबईला नेऊन परत आणून सोडावी, फुकट. आम्ही बॅचमधल्या पोरीबाळींनी मिळून छोटीशी संस्था काढली होती. लोकांनी डिझेलपुरते पैसे दिले. पण गाडीच नव्हती. तेव्हा हे शेठ म्हणाले, "पोरगी करंजाहून रेवसला पोहून पार गेली, तर गाडी माझी." बाजारात चार लोकांसमोर बोलले.

म्हणजे त्या बेचाळीस स्ट्रोकवर एक अख्खी गाडी अडकलेली होती.

आता पाण्याची गोष्ट. करंजा ते रेवस म्हणजे धरमतर खाडीचं तोंड ओलांडायचं. अंतर तीनेक किलोमीटर. अंतराला मी घाबरत नाही, पाण्याच्या ओढीला घाबरते. भरतीला पाणी खाडीत शिरतं, ओहोटीला बाहेर समुद्राकडे धावतं. मधे, भरती पुरती झाली की थोडा वेळ पाणी उभं राहतं. तेवढ्यात ओलांडायचं. भरती कधी पुरती होणार ते काढायची आमची जुनी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. त्या रविवारी एकादशी होती. अकरा पाऊण सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती पुरती. ज्योतीला सव्वा तास लागतो, म्हणून तिने सव्वासातला पाण्यात उतरायचं. निम्मं अंतर चढत्या पाण्यात, उरलेलं उभ्या पाण्यात. शेठच्या इंजिनीअर मुलाने छापील कोष्टक आणून ताडून पाहिलं, दहा मिनिटांचा फरक निघाला. तो म्हणाला, "आजी, भारी आहे हे." मी मनातून फुगले.

पाण्याचं गणित बरोबर होतं. चुकलं ते काठावर.

सकाळी साडेसहाला करंजाच्या धक्क्यावर मांडव, माईक, खुर्च्या, सगळं तयार. निघण्याआधी छोटासा सत्कार ठेवला होता. तीन नावं. शेठ, तपासणीला आलेले डॉक्टर आणि ज्योती. शाल, श्रीफळ, दहा मिनिटांत मोकळं. पण यादी वाचून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की पांडूदादांचं नाव नाही. ज्याच्या होडीवर पोरीचा जीव, त्याला नारळ नाही? मी जाऊन निवेदकाला सांगितलं. ते बरोबरच केलं, आजही म्हणेन. पण एक नाव वाढलं हे बाकीच्यांनी पाहिलं. मग खिचडी देणारे, मांडववाले, माजी सरपंच, आजी सरपंच. आजी सरपंचांना शाल आधी दिली म्हणून माजी उठून चालले, त्यांना परत आणून बसवलं. शेठ दोनदा बोलले. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा राहिलेलं बोलले.

ज्योती या सगळ्यात अंगाला व्हॅसलिन फासून उभी. खारट पाण्यात काखा-मान सोलवटू नये म्हणून ते लावतात. तिच्याही खांद्यावर कोणीतरी शाल टाकली. ती चिकटली. फेब्रुवारीतला सकाळचा वारा, आणि ती शाल सोलून काढतेय.

"मॅडम, वेळ," ती मला म्हणाली.

"हो गं, झालंच," मी म्हणाले.

तेवढ्यात निवेदकाने माझं नाव पुकारलं. खरं सांगते, आपलं नाव यादीत नाही हे मला सकाळपासून टोचत होतं. शाल घेतली. तो म्हणाला, "मॅडम, दोन शब्द." मी डब्याची गोष्ट सांगितली. तळ्याची सांगितली. लोक हसले, म्हणून अजून एक सांगितली. माझं बोलणं तुम्हाला एवढ्यात कळलंच असेल. खाली उतरले तेव्हा पांडूदादा धक्क्याच्या कडेला उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"ताई, भरती होत आली. आज ऱ्हाव दे का?"

समोर दोनशे माणसं, शेठ, शेठची गाडी. मी म्हणाले, "उतरू दे तिला. चपळ आहे ती."

ज्योती पाण्यात उतरली तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिला अर्धा तास पाणी उभं होतं. ती छान गेली. मग रेवसचा धक्का, जो आमच्या नाकासमोर होता, तो हळूहळू डावीकडे सरकायला लागला. धक्का सरकत नाही. आपण सरकत असतो. ओहोटी तिला उजवीकडे, समुद्राकडे ओढत होती. मी ओरडून तिला डावीकडे तोंड करायला सांगितलं. ती तिरकी पोहू लागली. आता प्रत्येक दोन हातांतला एक हात पुढे जायला आणि एक जागेवर राहायला. सव्वा तासाचा दीड तास झाला, आणि आकडा चोपन्नवरून पन्नास, शेहेचाळीस, बेचाळीस.

"पांडूदादा, पोचेल?"

"धक्का नाय भेटाचा आता तिला. पानी अजून जोर धरंन." त्यांनी हाताने पुढे दाखवलं. पाण्यातून खांब वर आलेले दिसत होते, एका रांगेत. "ते खुंट बघा. आमची जाली बांधलीत तिथं. वाहत्या पान्यात मानूस त्यांत शिरला का होडी नाय जात आत. त्याच्या आदी काय ते ठरवा. मी नाय सांगनार, तुमी सांगा."

समुद्रात पोहताना एक नियम असतो. पोहणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही, त्याने होडीला हात लावायचा नाही. पाणी प्यायला द्यायचं तेही दोरी बांधलेली बाटली लांबून टाकून. हात लागला की पोहणं बाद.

मी बाटली टाकली. तिने धरली, दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला ओकली.

"मॅडम," शेठ म्हणाले, "समोर माणसं दिसतात. धक्क्यावरची. टोपीवाला दिसतो मला." खरंच दिसत होती. चारशे मीटर असेल. टाकीत असतं तर तिने झोपेत कापलं असतं.

अशा वेळी मी पोहणाऱ्याला साधा प्रश्न विचारते. डोकं ठिकाणावर असेल तर तो चिडून उत्तर देतो.

"ज्योती, आज वार कोणता?"

तिने मान वर केली. ओठ पांढरे. "सोमवार. उशीर होतोय बँकेत."

मी शेठकडे पाहिलं नाही. पांडूदादांना म्हणाले, "घ्या जवळ."

होडी जवळ येताना तिला कळलं. तेवढं कळलं. "हात नका लावू. मॅडम, हात नका लावू." ती लांब जायला बघत होती, आणि लांब म्हणजे खुंटांकडे. मी पोटावर आडवी पडून तिचं मनगट धरलं. व्हॅसलिनने हात सुटला. पुन्हा धरला. शेठनी फळी सोडली आणि तिचा दुसरा दंड धरला. तिघांनी मिळून तिला आत घेतलं. ती होडीच्या तळाशी पडली आणि तिने माझ्याकडे पाठ केली.

पांडूदादांनी होडी करंजाकडे वळवली. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं.

मी शेठना मांडवामागे गाठलं. त्यांचा पांढरा शर्ट व्हॅसलिनने बरबटला होता.

"शेठ, ती कमी नाही पडली. तासभर उशिरा मी उतरवलं तिला."

"मी पण दोनदा बोललो, मॅडम."

"मग गाडी?"

"गाडी पार केल्यावर. बाजारात बोललोय. बाजारात शब्द फिरवला तर उद्या माझं लोखंड कोण घेईल?"

मला राग आला. चार शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "पण एकदाच पार करायचं, असं मी कधी बोललो? पुढची तारीख सांगा."

खरी पंचाईत पुढे होती. ज्योती चार दिवस टाकीवर आली नाही. फोन उचलेना. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने चहा ठेवला, पाणी दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, आई अकराव्याला थांबली तेव्हा मी तिला बोलले होते. एवढंसं काय होत नाही तुला, म्हणून. आता मला कळलं."

मी कप खाली ठेवला. पोरगी चार दिवस हे घेऊन बसली होती, आणि मी माझी शाल घडी करून कपाटात ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं. पांडूदादा नको म्हणाले होते, ते सांगितलं. मला नाव पुकारून हवं होतं, तेही सांगितलं. सांगताना जीभ जड झाली, आणि माझी जीभ जड होत नाही.

तिने माझा कप उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाली, "किती मिनिटं बोललात?"

"मी? पंधरा असतील."

"बावीस," ती म्हणाली. "मी मोजत होते."

रागावली होती, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. मी दिनदर्शिका मागितली.

आमच्या रीतीचा एक फायदा असा की तिथी पंधरवड्याने परत येते आणि तिच्याबरोबर पाणीही. दोन आठवड्यांनी रविवारी दशमी होती. दहा पाऊण साडेसात. साडेसहाला, उजाडता उजाडता, ज्योती पाण्यात उतरली. मांडव नाही, माईक नाही. कोणाला कळवलंही नव्हतं. होडीत तेच आम्ही तिघं. शेठ उपाशी आले होते. मी तोंड मिटून स्ट्रोक मोजले. चोपन्न, त्रेपन्न, चोपन्न. तरी पहिला तासभर माझी नजर रेवसवरून हलली नाही. धक्का नाकासमोरून सरकतो का, एवढंच बघत होते. तो जागेवर राहिला. एक तास अकरा मिनिटांनी तिने रेवसच्या दगडाला हात लावला, पायरीवर बसली आणि चहा मागितला.

पाडव्यानंतर गाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर पाऊण तास उशिरा आला, आणि ज्योतीने त्याला स्टँडवर सगळ्यांसमोर झापलं. पुन्हा कधी आला नाही उशिरा.

त्यानंतर असे बरेच उपक्रम मी सांभाळले. आयोजक भेटले की पहिली अट घालते. सत्कार पोहून आल्यानंतर. लोक नाराज होतात. पण पोहणारा परत येईपर्यंत ऊन चढलेलं असतं, खिचडी संपलेली असते आणि निम्मे पाहुणे घरी गेलेले असतात. यादी आपोआप तीन नावांवर येते.