अक्कांची बाहेरची खोली

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, अक्कांना, स्वस्थ बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. जेवतानाही त्यांचा एक गुडघा उभा असायचा, उठायच्या तयारीत. घास तोंडात आणि नजर बाहेरच्या खोलीत. एकदा आमटीत भाकरी चुरता चुरता थांबल्या, खरकटा हात वर धरून उठल्या आणि कोपराने ढकलत ढकलत खुर्ची खिडकीशी नेली. मग येऊन पुन्हा पानावर बसल्या. म्हणाल्या, "आता घास उतरंल."

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी लग्न होऊन फलटणला आले. घर भाड्याचं, आत दोन लहान खोल्या आणि बाहेरची एक. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. मोठे भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, फौजेत हवालदार. वर्षातून दोन महिने घरी. आणि मामंजी, आमचे सासरे. त्यांचा जन्म म्हसवडजवळच्या वाडीवर मेंढरांमागे गेला होता. दुष्काळात मेंढरं विकावी लागली आणि थोरल्या सुनेने त्यांना हाताला धरून फलटणला आणलं.

बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट, भावजींची काळी ट्रंक, एक घडीची खुर्ची आणि भिंतीवर कॅलेंडर, एवढाच संसार. पण अक्का लग्नानंतर एक वर्ष अंबाल्याला फॅमिली क्वार्टरमध्ये राहून आल्या होत्या. तिथे एका साहेबाच्या घरी त्यांनी पडदे, सोफा, फुलदाणी असं सगळं पाहिलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यातलं काही विकत आणण्यासारखं नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "इकत आनून कुनीबी सजवंल," म्हणायच्या. किंवा म्हणायच्या, "जागा बदलली की वस्तू नवी हुती."

म्हणून आमच्या घरात दर महिन्याला सगळं नवं व्हायचं. खाट या भिंतीची त्या भिंतीला जायची. ट्रंकेवर चादर घालून तिचं टेबल व्हायचं, आठवड्याने तीच ट्रंक उभी राहून तिचं कपाट व्हायचं. आमचे हे पाळीवरून आले की उंबऱ्यातच थांबून आधी खोली नीट बघून घ्यायचे. नाहीतर गुडघा फुटलाच. मी सांगलीत, हळदीच्या पेठेजवळ वाढलेली. आमच्या घरी ज्या खिळ्याला पिशवी टांगली ती वर्षानुवर्षं त्याच खिळ्याला. पहिले काही महिने मला या घरात गरगरल्यासारखं व्हायचं.

त्यांच्या हाताला मात्र जादू होती. दोन विटलेली लुगडी मरून रंगाची पुडी कालवलेल्या पाण्यात बुडवून त्यांनी पडदे केले. आठवडाभर त्यांचे हात मनगटापर्यंत लाल होते आणि त्याच हातांनी त्या भाकरी थापत होत्या. चुन्यात पिवडी कालवून भिंती स्वतः रंगवल्या. रंग सुरेख उतरला, पण घाईत डिंक घालायचा राहिला. घरमालक चौकशीला आले, भिंतीला टेकून बसले आणि पाठभर पिवळे होऊन बाजारातून फिरून आले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी लगेच भिंतीच्या कडेला बसायच्या उंचीवर पोत्याचा पट्टा मारला, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची नक्षी काढली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, तोवर अक्कांचं मन पुढे गेलेलं.

या सगळ्या हलवाहलवीत मामंजींची जागाही हलायची. त्यांना दाराच्या आत, रस्ता दिसेल असं बसायला आवडायचं. पण दारात कधी कुंडी यायची, कधी खुर्ची. मामंजी घोंगडी उचलायचे आणि दुसरीकडे अंथरायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, तुम्हाला त्रास होतो ना. तर म्हणाले, "मेंढरामागं फिरलेला मानूस मी. रोज नवा तळच हुता की."

त्यांची म्हणून घरात एकच वस्तू होती. खाटेखाली लोकरीचं एक पोतं. मेंढरं विकायच्या आधी त्यांनी शेवटची कातरणी केली होती, त्याची ती लोकर. कधीतरी घोंगडं विणून घ्यायचं म्हणायचे. अधूनमधून पोत्याचं तोंड सोडायचे, आत हात घालून थोडा वेळ बसायचे आणि पुन्हा बांधायचे.

त्या साली भावजींचं पत्र आलं की पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. अक्कांच्या पायाला भिंगरीच लागली. या खेपेला सोफा झालाच पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं. कारखान्यात नवं यंत्र आलं होतं, त्याची देवदारी खोकी ह्यांनी साहेबांना विचारून आणून दिली. शेजाऱ्यांची करवत मागून आणून अक्कांनी ती कापली, ठोकली, काचकागदाने घासली. सांगाडा झाला. गाद्यांची खोळ राहिलेल्या पडद्याच्या कापडाची झाली. आत भरायला काथ्या हवा होता, तो परवडेना. उसाचं पाचट भरून पाहिलं, ते टोचायला लागलं. चार दिवस अक्का या खोलीतून त्या खोलीत नुसत्या फिरत होत्या.

पाचव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. मामंजी देवळात गेले होते. अक्कांनी खाटेखालून पोतं ओढलं आणि मला विचारलं, "काय गं, घिऊ का ही?"

मी मान वर न करता म्हटलं, "घ्या की. पडूनच आहे."

मला लोकरीतलं काही कळत नव्हतं. अक्कांना कळत होतं. त्या माणदेशातच जन्मलेल्या. त्यांना कळत होतं म्हणूनच त्यांनी मला विचारलं. कुणीतरी एकदा हो म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं.

दुपारपर्यंत हाताने लोकर पिंजून त्यांनी गाद्या भरल्या, टाचल्या. मामंजी आले तेव्हा सोफा दिमाखात उभा होता. अक्का म्हणाल्या, पहिला मान तुमचा. मामंजी बसले. तळहाताने गादी दाबली. मग वाकून हुंगलं. उठले, खाटेखाली पाहिलं आणि आपली घोंगडी अंथरून जमिनीवर बसले.

"मऊ झालंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाण्याला गेलो होतो. आलो तर मामंजी नव्हते, काठी नव्हती, घोंगडी नव्हती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, म्हातारबाबा म्हसवडच्या गाडीत बसले.

अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. मग उठून ब्लेड आणलं आणि गाद्यांची शिवण उसवायला लागल्या. मीही बसले. लोकरीचा कण न् कण वेचून आम्ही पोत्यात भरला. भावजी यायला चार दिवस होते. मी तसं म्हटलं, तर पोत्याला गाठ मारत म्हणाल्या, "येऊ द्यात. त्यास्नी सांग, मी वाडीवर हाय." पोतं डोक्यावर घेऊन त्या स्टँडकडे गेल्या, एकट्या.

भावजी आले. मी सांगितलं, मामंजी गावी गेलेत, अक्का त्यांना आणायला गेल्यात. का गेले ते सांगितलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. पिवळ्या भिंती पाहिल्या, पडद्याला हात लावला, त्या उघड्या खोक्यांकडे पाहिलं. "हे सगळं तिनं केलं?" म्हणाले. मी हो म्हटलं. बॅग न उघडताच ते संध्याकाळच्या गाडीने म्हसवडला गेले. वर्षभर ज्यांच्यासाठी ती खोली सजत होती, ते तिथे कपभर चहापुरते थांबले, तेही उभे.

रजेचे दोन महिने वाडीवरच गेले. घराचं छप्पर बसलं होतं, ते नवरा-बायकोने मिळून उभं केलं. अक्कांनी वाडीतल्या बायकांकडून लोकर कातून घेतली, सनगराच्या मागावर घोंगडं विणून घेतलं आणि मामंजींच्या अंगावर घातलं. मामंजींनी ते घेतलं. पण फलटणला परत यायला ते तयार झाले नाहीत. रजा संपून भावजी गेले आणि अक्का सासऱ्यांपाशी राहिल्या.

आपली भांडी आणि ट्रंक न्यायला त्या एक दिवस फलटणला आल्या. मी रडत होते. चूक माझीही आहे, असं काहीतरी म्हणत होते. अक्का ट्रंक भरत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, खोली नीट झाली की ह्यांचा पाय निघायचा न्हाई. पर दोन म्हयनं झालं की ते पेटी भरायचंच. मग मी पुन्यांदा खाट हलवायची." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुला इचारलं हुतं, ते मी कुनाला सांगितलं न्हाई. तूबी सांगू नगंस. तुला हितं नांदायचं हाय."

गोष्ट भावकीत पसरायची ती पसरलीच. थोरलीने म्हाताऱ्याची लोकर सोफ्यात घातली, म्हातारं घर सोडून गेलं. लग्नकार्यात मी ते कितीदा ऐकलं. माझं नाव त्यात कधीच नव्हतं.

तीन वर्षांनी मामंजी गेले. शेवटपर्यंत अक्कांनी त्यांचं सगळं केलं. तेराव्याला वाडीवर पंगती बसल्या होत्या. आमच्या एका चुलत सासूबाईंनी भर पंगतीत तो विषय काढला. साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की हिनं लोकर सोफ्यात घातली नसती, तर म्हातारा आणखी जगला असता. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी मीच..."

मागून अक्का आल्या आणि वरणाच्या बादलीची कडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"त्या कडंच्या पंगतीत वरान पोचलं न्हाई," म्हणाल्या. "जा."

मी गेले. खाली मान घालून शेवटच्या पानापर्यंत वाढत राहिले. परत फिरले तेव्हा अक्का त्या सासूबाईंच्या पानापुढे वाकून, आणखी भात घालू का, असं विचारत होत्या.