लेखावरचं दुसरं नाव

आमच्या लॉ कॉलेजच्या जर्नलचा मी संपादक. त्याचं धोरण मीच लिहिलं. ज्यानं लेखासाठी खरोखर काम केलं त्याचंच नाव लेखक म्हणून लागेल. मैत्रीखातर, मानाखातर कुणाचं घालायचं नाही. आमच्या भागात हे पाळणं अवघड, कारण इथं नाव घालणं हा प्रेमाचा प्रकार आहे. कुठलीही लग्नपत्रिका उघडा. भावकी, पैपाहुणे, गल्लीतलं तरुण मंडळ, सगळे निमंत्रक. आधी विचारत कुणी नाही, पण नाव राहिलं तर माणूस कायमचा तोंड फिरवतो.

कॉलेजात मला मित्र एकच. तोही शिकवायचा, जयसिंगपूरहून जाऊन-येऊन करायचा. घराणं जैन, दिवस मावळल्यावर जेवण वर्ज्य. घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा, म्हणून माझ्याकडे जेवून मगच तो गाडी पकडायचा. बायको गेल्यापासून मी एकटाच. त्याच्यासाठी मी कांदा-लसूण चटणी घरातून हद्दपार केली; कोल्हापुरात याहून मोठा त्याग नाही. त्यानंही थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव सख्ख्या भावांच्या ओळीत घातलं होतं. ते वाचून मी लहान पोरासारखा रडलो होतो.

मग त्याचा एक लेख जर्नलकडे आला. सामाईक विहिरीच्या पाण्यावरच्या हक्काबद्दल, मेहनतीचा, चांगला. लेखक दोन: तो आणि मी. मी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढला, माझं नाव काढ म्हणालो. त्याला आधी थट्टाच वाटली. निम्मा लेख तर इथं जेवताना बोलून झालाय, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, मग शेवटी आभाराची एक ओळ घाल. त्यानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"आभार परक्याचं मानत्यात," तो म्हणाला. "तू परका हाईस व्हय?"

आणि मी त्याला धोरणातलं कलम समजावून सांगायला लागलो. जन्मभर दुसरं केलंय काय.

दुसऱ्या दिवशी लेख पुन्हा आला, त्याच्या एकट्याच्या नावानं. बाहेरच्या परीक्षकांनी पसंत केला, आम्ही छापला. आभारात माझं नाव नव्हतं. तो कॉलेजातच डबा खाऊन परस्पर गाडीला जाऊ लागला. भेटला की मला 'सर' म्हणायचा, ते फार झोंबायचं.

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण घर खायला उठतं. मी अजून दिवस मावळायच्या आत जेवतो, आणि मग झोपेपर्यंत वेळ जाता जात नाही.

परवा त्याच्या धाकट्या मुलीची लग्नपत्रिका आली, पोस्टानं. पाकिटावर त्याच्याच अक्षरात माझं पूर्ण नाव, पुढे 'सर', आणि खाली छापील 'सहकुटुंब'. आतली निमंत्रकांची नावं मी पुन्हा पुन्हा वाचली. चुलते होते, मामा होते, कॉलेजातले झाडून सगळे होते. माझं नाव नव्हतं.

जर्नलच्या नियमानं बघितलं तर त्याचं काही चुकलं नाही. त्या लग्नात मी कुठलंच काम केलेलं नव्हतं.