कौलातला जास्तीचा ‘ना’

गाठ निघाली, टाके सुकले, म्हणजे आपण सुटलो, असं मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी समोर बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "गाठ पूर्ण काढली आहे. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर काही जणांत उलटतो." आयुष्य बोटीवर गेलेल्या माणसाला उलटते ती होडी, एवढंच ठाऊक. बसल्या खुर्चीचे पाय हलल्यासारखे वाटले आणि मी खरोखरच टेबलाची कड धरली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यातल्या जनुकांच्या खुणा तपासतात. रोग उलटण्याचा धोका कमी की जास्त, याचा त्यावरून अंदाज येतो. जास्त असेल तर केमो, कमी असेल तर नुसती नजर ठेवायची. "अंदाज आहे हा, भविष्य नव्हे," ते म्हणाले. "तपासणी करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण फार दिवस लावू नका."

ठरवा म्हणे! मी बोटीच्या इंजिनरूममध्ये हुकूम पाळत म्हातारा झालो, आणि घरी आल्यावर हिच्या हुकमात. त्यात माझ्याच पोटातला तुकडा मुंबईला मेणात बसून माझ्या चहाड्या सांगणार, ही कल्पनाच मला सोसेना. आज बघू, उद्या बघू करत मी पावस गावातल्या आमच्या बागेत आंब्याच्या कलमांना आळी करत राहिलो. हिचा धीर सुटायला लागला तेव्हा मी देवाची ढाल पुढे केली. म्हटलं, आपण गावदेवीला कौल लावू.

"लावा," ही म्हणाली. "पण सरळ विचारा, तपासणी करू की नको. तुमचे फाटे नकोत."

आमच्याकडे गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरत आलंय. त्या दिवशी देऊळ भरलेलं होतं. गुरव म्हणाला, "भाऊ, काय विचारायचं?" आता भरल्या देवळात आतड्याची गोष्ट कुठल्या तोंडानं काढणार? मी म्हटलं, "मनात धरलंय."

"मग घट्ट धरा," गुरव म्हणाला आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

हिनं पढवलेला प्रश्न मी खरंच घट्ट धरला होता. पण डोळे पाकळीवर खिळले आणि पोटातल्या भीतीनं मला बाजूला सारून तोंड उघडलं. मनातल्या मनात मी म्हणालो, "आई, हे दुखणं परत येणार नाही ना?" त्याच क्षणी उजवी पाकळी अलगद खाली आली.

मी नाचायचाच बाकी होतो. अंगणात आलो आणि चपला शोधता शोधता हिला म्हटलं, "सुटलो! मुंबईला काही पाठवायला नको."

"नेमकं विचारलंत काय?"

मी सांगितलं. हिची एक चप्पल पायात होती, दुसरी हातात. ती तशीच उभी राहिली. "'येणार नाही ना' असं विचारलंत, आणि देवी 'हो' म्हणाली. म्हणजे हो, येणार? की हो, नाही येणार?"

अंगावर वीज पडावी तसं झालं. एका फुटक्या ‘ना’नं मी देवीच्या तोंडचा शब्द दोन्ही अर्थांचा करून ठेवला होता. आणि मग, घाबरलेली माणसं करतात तेच मी केलं, भांडू लागलो. म्हटलं, अर्थात नाही येणार! ही म्हणाली, हे देवीनं सांगितलं की तुम्ही? इंजिनाच्या धडधडीवर ओरडून ओरडून माझा आवाज कायमचा चढलेला. जे मनात धरलं होतं ते गाठीपासून मेणापर्यंत सगळं मी अंगणात घोषित केलं. तसाच आत धावलो. "परत लाव कौल!"

गुरवानं हात जोडले. "एकाच गोष्टीला परत परत नाय लावत, भाऊ. आई काय कोर्टात उभी हाय, उलटतपासणी घ्यायला?"

मी पायरीवर मटकन बसलो. शेजारी मुलीच्या लग्नाचा कौल घ्यायला आलेली एक अनोळखी बाई आपल्या पाळीची वाट बघत होती. ती म्हणाली, "दादा, रागावू नका, मोठ्यानं बोललात म्हणून कानावर पडलं. आमचे मालक पोफळी गावी पॉवरहाऊसात नोकरीला होते. त्यांचंही हेच ऑपरेशन. नंतर डॉक्टर तपासणीला बोलवायचे, तर हे घरात बसून मलाच विचारायचे, 'आता मला काही नाही ना गं?' मी म्हणायची, 'नाही हो.' दुसरं काय म्हणणार? उत्तर त्यांनीच माझ्या तोंडात घालून ठेवलेलं. परत वर आलं तेव्हा लिव्हरपर्यंत गेलं होतं."

मग ती म्हणाली, "तुम्ही आईला विचारलं नाहीत, दादा. वदवून घेतलंत." तेवढ्यात गुरवानं हाक मारली आणि ती पदर सावरून आत गेली.

यात चमत्कार नाही, हे मलाही कळतं. मी बोंबललो म्हणून तिला ऐकू गेलं. पण पोफळीची ती बाई त्याच दिवशी, त्याच पायरीवर कशी बसलेली असावी, याचा मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. मला तिचं नावसुद्धा विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांना फोन केला आणि तो ठोकळा मुंबईला पाठवायला सांगितला.

खरा धक्का पुढेच होता. वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी मनाशी हिशेब मांडून ठेवला होता: आपण शहाण्यासारखं वागलो, तेव्हा देवी आता ‘कमी’च देणार. अहवाल आला आणि डॉक्टर म्हणाले, "धोका जास्त दिसतोय." हिनं माझं कोपर इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. माझ्या जिभेवर पुन्हा तेच आलं होतं, पण परत येणार नाही ना? ते मी कडू औषधासारखं गिळलं. मग माझ्याच तोंडून, माझ्या ओळखीच्या नसलेल्या हळू आवाजात आलं, "बरं. आता काय करायचं?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागले.

केमो घेतली. बोटांना गार पाणी सुईसारखं टोचायचं, सोलकढी कोमट करून प्यावी लागली, जी कोकणी माणसाला शिक्षाच आहे. शेवटच्या तपासणीत काही सापडलं नाही. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, मीही ते वदवून घेत नाही. उपचार माझ्या वाट्याचे होते, ते त्या बाईच्या उपकारानं वेळेवर झाले. उत्तर आईच्या वाट्याचं आहे, ते तिच्यापाशी ठेवून मी पानावर बसतो. आणि नवल म्हणजे, घास उतरतो.