नवगावचे ढिगारे आणि पांढरं पोवळं

मेंदीचा वास आला की मुंबई सोडून यहुद्यांच्या देशात आल्यावरचं, त्रेसष्ट सालचं आमचं रामल्याचं स्वयंपाकघर आठवतं. थोरल्या भावाचं लग्न दोन दिवसांवर होतं आणि आई मेंदी भिजवत होती. भाऊ हैफा बंदरात मासेमारी बोटीवर कामाला होता, लग्नासाठी घरी आला होता. जाळ्यात अडकून आलेली पांढऱ्या पोवळ्याची फांदी त्याने नवरीसाठी आणली होती. "खोल पाण्यात ऊन नाही, नुसता गार काळोख," तो सांगत होता, "तिथं मेलेल्या पोवळ्यावर जितं वाढतं, मध्ये गाळ बसतो, हजारो वर्षांनी टेकडी होते." तेवढ्यात बाबा रब्बीच्या, म्हणजे धर्मगुरूच्या कचेरीतून आले. "लग्न लावत नाहीत. आजीची आजी यहुदी होती, याची साक्ष मागतात." आईने विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" "म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून बुडालेली आमची माणसं मुंबईजवळ नवगावच्या किनाऱ्यावर दोन ढिगाऱ्यांत पुरलीत, त्यांना जाऊन विचारा. हसले लेकाचे." आईने मेंदी मोरीत ओतली. पुढे साक्षीचा तो नियम रद्द झाला, पण तोवर नवरी आईबापांबरोबर मुंबईला परत गेली होती. भाऊ एकटाच राहिला, एकटाच गेला. ती फांदी माझ्याकडे आहे. दर शुक्रवारी तिच्यावरची धूळ पुसते. तिच्यावर आता तेवढंच साचतं.