नाव फोडायचं नाही

"कॉलरा," डॉक्टर म्हणाले. कॉलरा म्हणजे पटकी. परंड्याच्या आसपास तेव्हा तिची साथ होतीच. पण माझ्या नवऱ्याला पटकी झालेली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प उभी होते.

आम्ही आळंदकडचे, कानडी मुलखातले. निजामाच्या राज्यात पोटामागे फिरत परंड्याला आलो. हे तेलाच्या घाण्यावर कामाला होते. त्या दिवसाच्या आठ दिवस आधी ह्यांचे डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले जॉन्डिस, म्हणजे कावीळ. पडून राहा, तेल खाऊ नका. घाण्यावरच्या माणसाला हे पथ्य! हे त्यावर हसले होते.

कावीळ काही उतरेना. शेजारची नीलव्वा आमच्याच भाषेची. परमुलखात तिचाच आधार. ती काविळीवर एक वाळलेलं फळ भिजवून त्याचं पाणी पाजायची. आधी तिनं आम्हा दोघांना गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. औषधाचं नाव फोडलं की गुण जातो, डॉक्टरला तर मुळीच सांगायचं नाही.

दोन घोट पोटात गेले आणि उलट्या-जुलाब सुरू झाले. नीलव्वा म्हणाली, विष निघतंय, निघू दे. दुसऱ्या दिवशी ह्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा ह्यांना बोलताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "कोई जडीबुटी दी है क्या?"

कंपाउंडरनं मराठीत सांगितलं, "बाई, झाडपाल्याचं काय दिलंय का? दिलं आसंल तर साहेब हितंच ठिवून घेत्यात. न्हाय तर पटकीच्या छपरात न्यावं लागंल."

मला सगळं कळलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा हात हळूहळू गळ्यातल्या लिंगाकडे गेला. सांगून टाक म्हणत होते की शपथ आठव म्हणत होते? इतकी वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही.

"न्हाय," मी म्हणाले.

गावाबाहेरच्या त्या छपरात घरच्यांना जाऊ देत नसत. मी दोन दिवस बांधावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर माझ्याकडे चालत आला, तेव्हाच मी समजले. शेवटचं पाणीसुद्धा माझ्या हातचं मिळालं नाही.

नीलव्वा भेटायला आली. रडली, मग हळूच म्हणाली, "नाव फोडलंस का गं?"

"न्हाय."

"मग गुण कसा आला न्हाय?"

 सांगितलं असतं तर हे वाचले असते का, ते मला ठाऊक नाही. त्या डॉक्टरांचे मात्र उपकार मानते. परक्या भाषेतल्या बाईला त्यांनी दोनदा विचारलं. तुम्हाला कुणी विचारलं, तर शपथ मोडा. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला.

देवडांगरी होती ती, ते वाळलेलं फळ. आता मी सगळ्यांना सांगत सुटते. ज्यांनी विचारलं, त्यांना तेवढं सांगितलं नाही.